सिंहाचे गाणे आणि दहा शिलिंग



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे गाण्याचा विषय छापलेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस. त्याने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलावे. गाण्यातले त्याला काय कळणार? शंका रास्त आहे. सुरांचे शास्त्र आम्हांला येत नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, कायद्याच्या पुस्तकांवर आणि सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या मिळेल त्या ग्रंथावर झाले. पण मजुरी म्हणजे काय आणि ती मजुराच्या हातून कशी निसटते, हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहत आलो आहोत. आज ज्या गाण्याचा इतिहास सांगायचा आहे, तो गाण्याइतकाच मजुरीचा इतिहास आहे.

ते गाणे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. निदान आपल्या मुलानातवंडांनी तरी खास. १९९४ साली डिस्ने कंपनीने 'द लायन किंग' नावाचा व्यंगचित्रपट काढला. त्यात मुंगसाच्या जातीचा एक प्राणी आणि एक रानडुक्कर अशी विनोदी जोडगोळी आहे. रानातून चालता चालता ती दोघे एक गाणे म्हणू लागतात. पडद्यावर ते काही क्षणच टिकते. पण ऐकणाऱ्याच्या कानात दिवसभर घोळत राहते. त्याचे इंग्रजी नाव 'द लायन स्लीप्स टुनाईट', म्हणजे आज रात्री सिंह निजला आहे. इंग्रजी, फ्रेंच आणि इतर भाषांत मिळून शंभरावर गायकांनी आणि वाद्यवृंदांनी त्याच्या रेकॉर्डी काढल्या.

एकाची रेकॉर्ड गाजली की दुसऱ्याने तेच गाणे आपल्या ढंगाने गाऊन पुन्हा रेकॉर्ड काढायची, ही रीत सर्वत्र आहे. तिकडच्या धंद्यात अशा रेकॉर्डीला 'कव्हर' म्हणतात; आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात 'व्हर्जन' म्हणत. त्यात मुळात वावगे काही नाही. तुकोबांचा एकेक अभंग किती जणांनी किती चालींवर गायिला, त्याची गणती कोणी करावी? गाणे हे हातोहात जाण्यासाठीच असते. फरक इतकाच, की आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा शिवून ठेविली. गायक बदलो, चाल बदलो, छापखाना बदलो, कर्त्याचे नाव गाण्याच्या पोटातच असल्यामुळे ते सोलून काढता येत नाही. आमच्या कथेतल्या माणसाने तशी तजवीज केली नव्हती. त्याचे नाव रेकॉर्डीवर चिकटवलेल्या गोल कागदावर होते, आणि कागद बदलता येतो.

हा माणूस म्हणजे सॉलोमन लिंडा. जन्म १९०९, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, झुलू समाजात. लहानपणी गुरे राखली, मिशनच्या शाळेत थोडे शिकला, आणि १९३० नंतर लवकरच पोटासाठी जोहान्सबर्ग शहरात आला. सोन्याच्या खाणींवर उभे राहिलेले ते शहर. कोकणातला किंवा घाटावरचा माणूस बायकापोरे गावी ठेवून गिरणीत यावा, खानावळीत जेवावा आणि एका खोलीत वीस जणांनी आळीपाळीने झोपावे, हे चित्र आपल्याला परके नाही. पण आपल्याकडे ते गरिबीने घडले. तिथे ते कायद्याने घडवले होते. काळ्या मजुराने पास बाळगायचा, नेमल्या वस्तीत राहायचे, काम संपले की शहराने त्याला ओळख द्यायची नाही. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९२४ साली तिथे औद्योगिक समेटाचा कायदा झाला. त्यात 'कामगार' या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यातून पास बाळगणाऱ्या काळ्या पुरुषाला वगळून टाकले. तो खाणीत उतरे, भट्टीपुढे उभा राही, गोदामात ओझी वाही. पण कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हता! त्याने वाटाघाटी कोणाशी करायच्या?

अशा वस्त्यांत शनिवारच्या रात्री गाण्याच्या चढाओढी होत. पाचसात गडी एक मेळा बांधीत. एक आवाज उंच, बाकीचे खर्जात. वाद्य बहुधा नसेच. पहाटेपर्यंत गाणे चाले. निवाडा करायला कधी कधी अगदी बाहेरचा, ज्याला कोणत्याही मेळ्याशी देणेघेणे नाही असा मनुष्य पकडून आणीत, म्हणजे पक्षपाताचा आळ नको. आमच्या युनियनच्या निवडणुकीत हा उपाय करावा असे आम्हांला अनेकदा वाटले आहे! लिंडाच्या मेळ्याचे नाव 'इव्हनिंग बर्ड्‌स', संध्याकाळचे पक्षी. सहा जण. कडक इस्त्रीचे रेघांचे सूट, डोक्यावर टोप्या, चकचकीत बूट. सहा दिवस ज्याला कोणी नावाने हाक मारीत नाही, त्याने सातव्या दिवशी असे नटून यावे, यातली ऐट कोणाही कामगाराला समजेल.

१९३९ साली या सहा जणांना जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीने आपल्या स्टुडिओत नेले. ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ नावाचा गुणी काळा संगीतज्ञ तेव्हा कंपनीसाठी गायक हेरीत असे. त्याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. गाण्याचे नाव 'म्बूबे', झुलू भाषेत सिंह. शब्द जेमतेम मूठभर. लहानपणी गुरांच्या मागे लागलेल्या सिंहाला राखणदार पोरांनी पळवले, त्या आठवणीतून ते आले असे सांगतात. साथीला पियानो, बँजो आणि गिटार. खर्जातले गडी एकच शब्दसमूह, माग चालावा तसा, न थांबता म्हणत राहतात. आणि त्यांच्या डोक्यावरून लिंडाचा आवाज उंच, अगदी बायकी वाटावा इतका उंच, फिरत राहतो. एकदा म्हणून झाले, दुसऱ्यांदा झाले. तिसऱ्या वेळी, तबकडी संपत आली असता, लिंडाने आयत्या वेळी एक नवीच लकेर घेतली. पंधराएक सुरांची. आधी ठरवलेली नव्हती, कागदावर नव्हती. जात्यावर बसले की ओवी सुचते, त्यातलाच प्रकार.

श्रोतेहो, ही लकेर ध्यानात ठेवावी. पुढे बावीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जे इंग्रजी शब्द रचले गेले आणि जगभर दुमदुमले, ते या पंधरा सुरांवर बसवलेले आहेत.

रेकॉर्ड खपली. १९४० चे दशक संपेपर्यंत सुमारे एक लाख प्रती गेल्या असे सांगतात. काळ्या मजुरांच्या त्या साऱ्या गायनपद्धतीलाच लोक 'म्बूबे' म्हणू लागले. पुढे हीच परंपरा मृदू होऊन जोसेफ शाबालाला याच्या 'लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो' या मेळ्याने जगभर नेली. लिंडा आपल्या वस्तीत मोठा मनुष्य झाला. आणि त्याच वेळी तो त्याच कंपनीच्या कारखान्यात तबकड्या खोक्यांत भरण्याचे काम करी. स्वतःच्या गाण्याची तबकडी स्वतःच्या हाताने खोक्यात भरावी आणि संध्याकाळी रोजाचे पैसे घेऊन घरी जावे! गाण्याचा हक्क त्याने कंपनीला विकला होता. किंमत दहा शिलिंग. म्हणजे अर्धा पौंड.

इथे लगेच कोणी म्हणेल, विकला ना? जबरदस्ती तर नव्हती? सही केली, पैसे घेतले, व्यवहार मिटला. हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. थोड्या वेळाने त्याच्याकडे येऊ. तूर्त एवढेच सांगतो, की हा प्रश्न आमच्या परिचयाचा आहे. आमच्या युनियनमध्ये एक फिटर होता. कारखान्याचे नाव घेत नाही. एक जोड लेथवर बसवायला चार मिनिटे लागत. या गृहस्थाने आपल्या डोक्याने एक जिग तयार केला आणि तेच काम दीड मिनिटात होऊ लागले. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर त्याला श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र मिळाले. पुढच्या महिन्यात त्या जिगच्या आधारे अख्ख्या खात्याचे टार्गेट वाढवण्यात आले. प्रशस्तिपत्र त्याने चौकट करून भिंतीवर लावले होते. त्याचीही काही तक्रार नव्हती.

आता गाणे समुद्र ओलांडते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ॲलन लोमॅक्स या लोकगीतांच्या संग्राहकाच्या हाती आफ्रिकेतल्या काही तबकड्या आल्या. त्याने त्या आपला मित्र पीट सीगर याला ऐकायला दिल्या. हा सीगर म्हणजे आमच्या बिरादरीतला गवई. बँजो घेऊन संपकऱ्यांच्या सभांत गाणारा, युनियनची गाणी रचणारा. त्याच्या चौघांच्या मेळ्याचे नावच 'द वीव्हर्स', विणकर. जर्मनीतल्या सायलीशिया प्रांतात १८४४ साली विणकरांनी जो उठाव केला, त्यावरच्या हाउप्टमान याच्या नाटकावरून घेतलेले. सीगरला ती तबकडी विलक्षण आवडली. त्याने ती पुन्हा पुन्हा लावून कानाने उतरवून घेतली. झुलू त्याला येत नव्हती. खर्जातले गडी 'उयिम्बूबे' म्हणत होते, सिंह आहे अशा अर्थाचे. सीगरच्या कानाला ते 'विमोवे' ऐकू आले. तेच त्याने लिहिले, तेच मेळ्याने गायिले. जगातल्या कुठल्याही भाषेत ज्याला अर्थ नाही असा हा शब्द आज कोट्यवधी लोकांना तोंडपाठ आहे.

या ऐकण्यातल्या घसरणीला आम्ही दोष देत नाही. एका देशातल्या मजुराचे गाणे दुसऱ्या देशातल्या चळवळ्या माणसाने कान लावून, प्रेमाने उचलले, यात गैर काय? शाका या झुलू राजाची दंतकथाही त्याने गाण्याशी जोडली: तो सिंह मेला नाही, निजला आहे, कधीतरी उठेल. सिंहाला झोप लागली ती इथे. लिंडाच्या गाण्यात सिंह जागा होता आणि पोरे त्याच्या मागे धावत होती.

१९५२ च्या आरंभी वीव्हर्सची रेकॉर्ड बाजारात आली. गॉर्डन जेंकिन्सचा वाद्यवृंद, कर्णे, व्हायोलिने, सारा थाट. रेकॉर्ड गाजली. आणि त्या गोल कागदावर कर्ता म्हणून नाव छापले होते पॉल कॅम्बेल. हा पॉल कॅम्बेल कोण? कोणीच नाही. जुनी, बेवारस लोकगीते नव्याने बांधली की त्यांचे पैसे घेता यावेत म्हणून वीव्हर्सच्या चौघांनी आणि त्यांच्या प्रकाशकाने एक टोपणनाव करून ठेवले होते. जिवंत माणसाचे नाव गेले आणि जो माणूस कधी जन्मालाच आला नाही त्याचे आले.

'लोकगीत' या शब्दाचा हा उपयोग आमच्या शहरी रसिकांनी नीट समजून घ्यावा. गाणे लोकांचे, परंपरेचे, अमुक एकाचे नव्हे, असे म्हटले की ऐकायला फार उदात्त वाटते. गावच्या गायरानाबद्दलही असेच म्हणतात. जमीन सर्वांची, आणि सर्वांची म्हणजे ज्याने आधी तलाठ्याच्या दप्तरी आपले नाव चढवले त्याची. लिंडा तर जिवंत होता, त्याचे नाव मूळ तबकडीवर छापलेले होते. आफ्रिकेतून आलेले म्हणून ते लोकगीत ठरले. न्यूयॉर्कच्या गल्लीतून आले असते तर कोणी ठरवले असते काय?

गॅलो कंपनीने चौकशी केली. तेव्हा सौदा झाला तो असा, की दक्षिण आफ्रिका आणि आसपासच्या मुलखातली वसुली गॅलोने करावी आणि उरलेले जग अमेरिकन प्रकाशकाचे. दोन गिरणीमालकांनी बाजारपेठ वाटून घ्यावी तसे. सीगरबद्दल मात्र न्यायाने बोलले पाहिजे. लिंडाचा पत्ता लागल्यावर त्याने एक हजार डॉलर पाठवले आणि कर्त्याचा वाटा यापुढे लिंडाला जावा असे प्रकाशकाला सांगितले. आपले सांगणे पाळले जात आहे असे तो समजत राहिला. त्याच्यामागेही तेव्हा दुसरे शुक्लकाष्ठ लागले होते. कम्युनिस्ट म्हणून वीव्हर्सना रेडिओ बंद, नाट्यगृहे बंद. १९५५ साली सीगरला संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे केले, पुढे शिक्षा झाली, ती १९६२ साली अपिलात रद्द ठरली. हे सारे खरे. तरी आमचे मत असे, की चळवळीतल्या माणसाने मजुराचा पैसा मजुराच्या हातात पडला की नाही हे स्वतः जाऊन पाहावे. पगारपत्रकावर आकडा असणे आणि खिशात पैसा असणे यांतले अंतर आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

नंतरच्या रेकॉर्डींची यादी भराभर सांगतो, कारण त्यांत फारसे नवे नाही. १९५२ सालीच जिमी डॉर्सीचा बँड, पेरू देशाची गायिका यमा सुमाक. १९५९ साली 'किंग्स्टन ट्रायो'. १९६० साली मात्र एक वेगळी गोष्ट घडली. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेली मिरियम मकेबा हिने ते अमेरिकेत झुलू भाषेतच, मूळ 'म्बूबे' म्हणून गायिले. तिच्या तबकडीवर कर्त्याचे नाव आले, पण आद्याक्षर चुकवून, जे. लिंडा असे! मे १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने ते गायिले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लिंडा सोवेटोत मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. तीन वर्षांपूर्वी तो रंगमंचावरच कोसळला होता. त्याच्या बँकेतल्या खात्यात पंचवीस डॉलरांहूनही कमी रक्कम निघाली. एक मूल अगोदरच कुपोषणाने गेले होते, असे घरच्यांनी सांगितले आहे. थडग्यावर दगड बसवायला बायकोला अठरा वर्षे लागली.

त्याआधी काही महिने गाण्याचा सर्वांत मोठा अवतार होऊन गेला होता. ब्रुकलिनच्या तरुण पोरांचा एक मेळा, 'द टोकन्स', १९६१ साली एका मोठ्या कंपनीत आवाजाची परीक्षा द्यायला गेला आणि त्यांनी 'विमोवे' म्हणून दाखवले. निर्माते ह्यूगो पेरेटी आणि लुईजी क्रिएटोरे यांना चाल आवडली, पण अर्थ नसलेला एकच शब्द किती वेळ म्हणणार? त्यांनी जॉर्ज वाइस या कसलेल्या गीतकाराला बोलावले. वाइसने काय केले हे पाहण्यासारखे आहे. त्या गिरणीच्या घरघरीतून, म्हणजे खर्जातल्या आवर्तनांतून, लिंडाची ती शेवटची लकेर त्याने उचलली, तिलाच मुख्य चाल केली आणि तिच्यावर इंग्रजी शब्द बसवले: रान शांत आहे, गाव शांत आहे, सिंह निजला आहे. सिंह हा दाट रानात राहणारा प्राणी नव्हे, तो माळावरचा. पण न्यूयॉर्कमध्ये बसून एवढा विचार कोण करतो? अनिता डेरियन या ऑपेरातल्या गायिकेचा उंच आवाज घातला. आणि एवढे करून ते गाणे तबकडीच्या मागच्या बाजूवर टाकले! पुढच्या बाजूला 'टीना' नावाचे दुसरेच गाणे होते. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून लावली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

वाइसचे कसब आम्ही नाकारीत नाही. राशीतून दाणा निवडायला नजर लागते, आणि शब्द रचणे हे काम आहे; कामाचा दाम मिळालाच पाहिजे. पण नव्या तबकडीवर कर्ते म्हणून वाइस, पेरेटी आणि क्रिएटोरे अशी तीनच नावे आली. पॉल कॅम्बेलसुद्धा गेला. घर रंगवणाऱ्याने घराच्या उताऱ्यावरच आपले नाव चढवले.

त्यानंतर मग पीकच आले. १९६२ साली इंग्लंडात कार्ल डेन्व्हर, फ्रान्समध्ये आँरी साल्व्हादोर. फ्रेंचांनी तर सिंहाला निजवण्याऐवजी मारूनच टाकले, त्यांच्या गाण्याचे नावच 'आज सिंह मेला'. १९७२ साली रॉबर्ट जॉन अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर, १९८२ साली 'टाइट फिट' इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर. आता ही सारी ध्वनिमुद्रणे मोबाईलवर लागोपाठ ऐकता येतात. आम्ही ती बसून ऐकली. एक गोष्ट कानाला जाणवते. प्रत्येक अवतारात वाद्ये वाढत जातात, आवाज गुळगुळीत होत जातो, खर्जातली ती मागाची घरघर मागे मागे सरत जाते. पंधरा सूर मात्र जसेच्या तसे.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत हक्काची मुदत पालटण्याची वेळ आली, तेव्हा जुना प्रकाशक आणि वाइसची मंडळी यांच्यात तंटा जुंपला. आणि गंमत पाहा, तीस वर्षे ज्याची आठवण झाली नव्हती तो लिंडा जुन्या प्रकाशकाला त्या वेळी आठवला. चाल मुळात त्या आफ्रिकन मनुष्याची, तुमची कशी, असा युक्तिवाद करण्यापुरता. लवादात वाइसची बाजू जिंकली. लिंडाच्या घराण्याला एक लहानसा वाटा देण्याचे ठरले. चार वर्षांत 'द लायन किंग' आला, १९९७ साली त्याचे नाटक आले, आणि त्या गाण्याला सोन्याचे दिवस आले.

रिअन मलान या दक्षिण आफ्रिकन पत्रकाराने २००० साली अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' मासिकात हा सारा पट उलगडला. गाण्याने दीड कोट डॉलर मिळवले असावेत असा त्यांचा अंदाज होता. लिंडाच्या मुली तेव्हा सोवेटोत गरिबीत दिवस काढीत होत्या. जगभर हळहळ झाली. पण बंधूंनो, हळहळीवर कधी थकबाकी वसूल झाली आहे काय? प्रश्न तोच होता, जो आम्ही मघाशी बाजूला ठेवला. दहा शिलिंगांवर सही होती. मध्यंतरी विधवेकडून आणि मुलींकडूनही आणखी कागदांवर सह्या घेतल्या गेल्या होत्या. कागद पक्के होते.

इथे ओवेन डीन हे स्वामित्वहक्काच्या कायद्याचे दक्षिण आफ्रिकन जाणकार पुढे आले. त्यांनी कपाटातून १९११ सालचा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा बाहेर काढला. साम्राज्यभर लागू असलेला हा कायदा थोड्या फेरफाराने १९१४ साली आपल्याकडेही आला, आणि १९५८ च्या जानेवारीत आपला नवा कायदा अमलात येईपर्यंत इथेही चालू होता. त्यात एक तरतूद आहे. लेखकाने हयातीत आपला हक्क विकला, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी तो हक्क त्याच्या वारसांच्या इस्टेटीकडे परत येतो. आणि कलमाचा खरा जोर पुढे आहे: हा परत येणारा हक्कही मी आजच देऊन टाकतो असा करार लेखकाने केला, तर तो करार रद्दबातल. चार्ल्स डिकन्सच्या वंशजांची आठवण ठेवून हे कलम झाले असे म्हणतात. त्याला डिकन्सच्याच नावाने ओळखतात. लिंडा १९६२ साली वारला, म्हणजे १९८७ साली हक्क घरी परतला होता आणि कोणालाच पत्ता नव्हता. कायदा नंतर रद्द झाला, तरी त्या काळात झालेल्या जुन्या विक्रीला कलम चिकटून राहिलेच.

आमच्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून क्षणभर थांबतो. सही केली ना, मग तक्रार कसली, या प्रश्नाला लिंडा अडाणी होता, भोळा होता, फसला, असे उत्तर द्यायची गरज नाही. असेलही, नसेलही. ज्याला कायदा कामगारच मानीत नाही, ज्याला सौदा करायला दुसरे दुकान नाही, त्याच्या सहीत त्याची मर्जी किती आणि त्याची निकड किती? आपल्याकडे १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, त्यात स्पष्ट लिहिले होते, की कामगाराने किमान वेतनापेक्षा कमीवर काम करायचा करार स्वखुशीने केला तरी तो करार निरर्थक. मालक मंडळींना तेव्हा हे कलम फार टोचले. दोन शहाण्या माणसांनी आपसात केलेला करार सरकारने का मोडावा? म्हणून मोडावा, की त्यांतल्या एकाच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची असते. १९११ च्या कायद्यातले ते कलम त्याच जातीचे होते. आणि आपल्या संसदेने २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती करून सांगितले, की चित्रपटाच्या गीतकाराने आणि संगीतकाराने रॉयल्टीतला आपला वाटा लिहून दिला तरी तो जात नाही, तेही याच जातीचे.

२००४ साली दावा दाखल झाला. डिस्ने ही परदेशी कंपनी. तिला दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयात आणायचे कसे? डीन यांनी त्या देशात नोंदलेल्या डिस्नेच्या दोनशेहून अधिक व्यापारचिन्हांवर जप्ती आणवली. त्यांत मिकी माऊसही आला! डिस्नेचे म्हणणे, आम्ही गाणे अमेरिकन प्रकाशकाकडून रीतसर परवाना घेऊन वापरले. आणि ते खरेही होते. फेब्रुवारी २००६ मध्ये, निकालापूर्वीच, त्या प्रकाशकाशी तडजोड झाली. 'म्बूबे'तूनच हे गाणे निघाले हे मान्य झाले, लिंडा सहकर्ता ठरला, मागच्या उत्पन्नाचा वाटा आणि पुढच्यातला हिस्सा वारसांसाठी स्थापलेल्या न्यासाला द्यायचे ठरले. रक्कम जाहीर झाली नाही. मुलींपैकी एक २००१ साली एड्‌सने वारली होती. तिच्यापर्यंत काही पोचले नाही. निकाल झाला नसल्यामुळे ते कलम न्यायालयात पुरते कसाला लागले नाही, ही आमच्या मते त्या लढ्यातली उणीव. पण संप मिटवताना पुढाऱ्यापुढे पुस्तकातले तत्त्व असते आणि समोर बसलेल्यांचे रिकामे डबेही असतात, हे आम्ही जाणतो.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. व्यवस्थापकांशी आमचे आधीच बोलणे झाले आहे. आता ते १९३९ ची मूळ तबकडी ध्वनिक्षेपकावरून लावतील. तीन मिनिटांच्या आत संपते. खरखर पुष्कळ आहे, तिकडे दुर्लक्ष करावे. पहिल्याने खर्जातले गडी ऐकावे; सीगरला 'विमोवे' ऐकू आले ते त्यांच्याच तोंडून, तुम्हांला काय ऐकू येते ते पाहावे. मग अगदी शेवटाकडे कान द्यावा. तबकडी संपायला थोडाच वेळ उरला असता लिंडा एकदाच ती लकेर घेतो, आणि पुन्हा घेत नाही.